नवीन गिटार घेतलीत ना? आता उजव्या हाताचं बघूया

गिटार घेऊन गेलेलं गिऱ्हाईक साधारण तीन आठवड्यांनी परत येतं आणि सांगतं, "ओ, ही गिटार बरोबर वाजत नाय." आम्ही ट्यून करून बघतो तर ती ठणठणीत. कॉर्डपण (डाव्या हाताने तारा दाबून धरायचे सूर) नीट धरलेले असतात, मोबाईलवर बघून पाठ केलेले. घोळ असतो तो उजव्या हाताचा, म्हणजे स्ट्रमिंगचा, तारांवरून हात वरखाली फिरवण्याचा. म्हणून आता रत्नागिरीच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक गिटारीच्या बॅगेत हा कागद टाकतो, वाचा, त्यात भजी बांधू नका.

पहिली गोष्ट, निदान चार दिवस कॉर्ड धरूच नका. डावा हात तारांवर नुसता टेकवा, दाबायचं नाही, आणि उजव्या हाताने वाजवा, थप थप असा कोरडा आवाज आला पाहिजे. हात कोपरातून थोडा आणि मनगटातून जास्त हलू दे, वरखाली, वरखाली, पाळण्यासारखा. खाली जाताना सगळ्या तारा, वर येताना फक्त पायाकडच्या दोन-तीन बारीक तारा लागल्या तरी पुष्कळ. आणि हात थांबवायचा नाही, काही झालं तरी. कधी बाल्या नाच बघितला असेल तर आठवा, मधे ढोलकी आणि झांजवाले बसलेले असतात, भोवती पोरं गोल फिरतात, गाणारा दम घ्यायला थांबतो पण पोरांचे पाय थांबतात का? तसंच. एखादा स्ट्रोक वाजवायचा नसेल तर हात तारांना न लावता तसाच हवेतून न्यायचा.

आता ठेका. इंटरनेटवर शंभर पॅटर्न मिळतील, आम्ही म्हणतो दोन पुरे, कारण आपल्याकडची गाणी बहुतेक दोनच ठेक्यात जातात आणि ते दोन्ही तुमच्या कानात लहानपणापासून बसलेले आहेत, चतुर्थीला आरत्या-भजनात टाळ वाजवलाय ना, झालं मग.

एक केरवा, आठ मात्रा. तोंडाने म्हणा: धा गे ना ती, ना के धी ना. यावर हात असा चालवा:

धा खाली, गे हवेत, ना खाली, ती वर, ना हवेत, के वर, धी खाली, ना वर.

सलग म्हटलं तर खाली, खाली-वर, वर-खाली-वर. जगभर नवशिक्यांना हाच पॅटर्न शिकवतात, पण तिकडे एक-दोन-तीन मोजून शिकवतात आणि पोरं पाचव्या ठिकाणी धडपडतात, कारण तिथे हात खाली जातो पण वाजवायचं नसतं. आपल्याला ते सोपं जायला हवं, कारण केरव्याची पाचवी मात्रा तालातली 'खाली'च, म्हणजे रिकामी, बिनजोराची मात्रा असते! पखवाज-तबला शिकलेल्याला हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडतो. बोल मोठ्याने म्हणत वाजवा, लाजू नका, घरचे वैतागले तर पडवीत बसा. मेट्रोनोमचं (सारख्या लयीत ठोके देणारं) अ‍ॅप असेल तर मिनिटाला ६० वर लावा आणि एका ठोक्यात दोन मात्रा बसवा. घाई करून ९० वर गेलेले सगळे परत ६० वर आलेत, आम्हीसुद्धा.

दुसरा दादरा, सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. होडी हलल्यासारखी डोलणारी कोळीगीतं बरीचशी यात बसतात. सुरुवातीला सहाही स्ट्रोक खालीच मारा, पहिल्या आणि चौथ्या मात्रेला फक्त जाड तारा आणि जरा जोरात, बाकीच्यांना हलकेच. लय वाढली की सगळे खाली जमत नाहीत, मग खाली-वर-खाली, वर-खाली-वर करावं लागतं आणि इथे खरी गंमत आहे, चौथ्या मात्रेचा जोर वर जाणाऱ्या स्ट्रोकवर येतो आणि हात ऐकत नाही. याला वेळ द्या, आठवडा लागला तर लागू दे, हे न जमताच पुढे गेलात की कोळीगीत लेझीमसारखं वाजतं.

मग डावा हात. ई मायनर आणि ए मायनर, दोनच कॉर्ड, आठ मात्रा हा आणि आठ मात्रा तो. कॉर्ड बदलताना शेवटच्या मात्रेला बोटं आधीच उचला, तेवढ्यात मोकळ्या तारा वाजल्या तरी वाजू देत, ऐकणाऱ्याला कळत नाही. कळतं ते ठेका तुटल्यावर.

भजनात साथ करायची असेल तर बुवा कुठल्या पट्टीत गातात, म्हणजे पेटीची कुठली काळी किंवा पांढरी पट्टी त्यांचा सा आहे, ते विचारा. काळी एक म्हणाले तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) गळ्यावरच्या पहिल्या घरात लावून सी कॉर्ड धरा. काळी चार म्हणाले तर कॅपो तिथेच, धरायचा जी. पांढरी चारला कॅपो तिसऱ्या घरात आणि डी. पेटीवाला खूश होईल.

पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, पातळ घ्या, ०.४६ किंवा ०.६० मिलिमीटरचं, जाड पिक नवशिक्याच्या हातात तारांना अडकतं.

आता आपल्या हवेबद्दल. खारा वारा स्टीलच्या तारांना खातो, त्यात हाताचा घाम, किनाऱ्यालगत घर असेल तर तारा लवकरच काळ्या पडून खरखरतात आणि वर जाणारा स्ट्रोक अडकायला लागतो. वाजवून झालं की सुक्या सुती कपड्याने एकेक तार पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा. एकाने गंज नको म्हणून तारांना खोबरेल तेल चोपडलं होतं, कृपा करून ते करू नका, आवाज तर गेलाच, वर मुंग्या आल्या. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका, भिंतीला ओल येते. आमची स्वतःची पहिली गिटार अशीच गेली, मिरगात टांगली आणि नवरात्रात उतरवली तेव्हा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचकटून हातात आला. बॅगेत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. लाकूड दमट हवेत फुगतं आणि ट्युनिंग हलतं, त्यामुळे रोज वाजवायच्या आधी ट्यून करा, जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई.

तारा आमच्याकडून घेतल्यात तर बसवून देण्याची मजुरी घेत नाही. फक्त चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस येऊ नका, तेव्हा पखवाज आणि ढोलक्यांच्या रांगेत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आषाढात या, तेव्हा निवांत बसून तुमचा दादरापण ऐकू.