नगरसेवकांना राष्ट्रीय परिषदेला किंवा अभ्यास दौऱ्याला जायचे असेल तर : पात्रता, ठराव आणि कागदपत्रे

वेंगुर्ल्याच्या कचरा डेपोची बाग झाली, ती पाहायला गावोगावचे नगरसेवक जातात. कराडजवळच्या मलकापूरने २४ तास मीटरवर पाणी दिले, तेही अनेकांनी जाऊन पाहिले. छत्तीसगडच्या अंबिकापुरात बचतगटांच्या महिला शहराचा कचरा घरोघरून गोळा करून वेगळा करतात. इंदूरने ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय लावली म्हणून तिथे रोज ५५० टन कचऱ्यावर चालणारा बायो-सीएनजी प्रकल्प उभा राहू शकला. या गोष्टी कागदावर वाचून निम्म्याच कळतात. राष्ट्रीय परिषदेत अशा शहरांचे लोक समोर बसलेले असतात, त्यांना थेट विचारता येते. म्हणून जायला हवेच.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर अनेक नगरपरिषदांत पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य आहेत आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, 'अर्ज कुठे करायचा?' खर्च नगरपरिषदेच्या निधीतून होणार असेल तर नुसत्या वैयक्तिक अर्जावर काम होत नाही. तुम्हाला नगरपरिषद पाठवत असते. तसा ठराव लागतो आणि पुढचे सगळे कागद त्या ठरावाला जोडले जातात. (महानगरपालिकांचा कायदा आणि समित्यांची रचना वेगळी आहे. इथली माहिती नगरपरिषद व नगरपंचायतीपुरती आहे. परदेश दौऱ्याची वाटही वेगळी, ती इथे घेतलेली नाही.)

कोण जाऊ शकते

नगराध्यक्ष, उपाध्यक्ष आणि निवडून आलेले सदस्य. स्वीकृत सदस्यांना, म्हणजे मतदारांनी न निवडता नेमलेल्या सदस्यांना, सभेत मतदानाचा अधिकार नसतो. त्यांना पाठवायचे असेल तर ठरावात त्यांचा उल्लेख स्पष्ट करून घ्या, नाहीतर देयकाच्या (खर्चाच्या बिलाच्या) वेळी हमखास शंका निघते. सोबत आरोग्य निरीक्षक किंवा पाणीपुरवठा अभियंता असावा, असे माझे ठाम मत आहे. सदस्य प्रश्न विचारतो, पण पाइपाचा व्यास आणि मजुरांची पाळी टिपून आणणारा माणूसही लागतो.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ठरावात नगरसेविकेचे नाव आणि गाडीत तिचे यजमान, हा प्रकार आजही घडतो. ते नियमात बसत नाहीच, शिवाय अन्यायही आहे. ज्या बाईला मतदारांनी निवडून दिले तिनेच जायचे. घरी लहान मूल असेल, रात्रीच्या प्रवासाची अडचण असेल तर दोन-तीन सदस्यांनी मिळून जाण्याचा किंवा दिवसाच्या गाडीचा प्रस्ताव द्यावा. ही अडचण प्रस्तावातच लिहा, तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

ठरावाची वाट

सुरुवात निमंत्रणपत्रापासून होते. आयोजक कोण, हे आधी नीट पाहा. 'राष्ट्रीय परिषद' असे नाव देऊन पर्यटनस्थळी तीन दिवस ठेवणाऱ्या खासगी संस्थांची पत्रे नगरपरिषदेत येत असतात. कार्यक्रमपत्रिका मागवा. सत्रे किती, बोलणारे कोण आणि यजमान शहरातला एखादा प्रकल्प प्रत्यक्ष दाखवणार आहेत का, हे तपासा. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून याच क्षेत्रात काम करते. पुण्यातल्या यशदा या राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेतही लोकप्रतिनिधींची प्रशिक्षणे होतात. परिषदेपर्यंत थांबायचे नसेल तर या दोन्ही ठिकाणी चौकशी करता येते.

निमंत्रण जोडून नगराध्यक्षांमार्फत मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जात आपल्या गावचा प्रश्न लिहा. 'ज्ञानवृद्धीसाठी' हा शब्द कुणालाच काही सांगत नाही. 'आपल्या डेपोवर ओला-सुका कचरा एकत्र येतो, तो घरातच वेगळा करून घेण्याची पद्धत पाहणे' असे लिहिले तर सभेतला विरोधकही नाही म्हणताना विचार करतो.

मग लेखा विभाग अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहतो. लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चाच्या सदरात, शिल्लक नसेल तर प्रस्ताव तिथेच अडतो, म्हणून अर्ज देण्याआधी लेखापालांना भेटून घ्या. तरतूद असेल तर विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी निघते. परिषदेची तारीख पाहून त्या हिशेबाने मागे मोजत या. विषयपत्रिकेवर नसलेला, ऐनवेळचा विषय म्हणून दौरा मंजूर करून घेऊ नका. अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि अशा ठरावांकडे बोट दाखवणारे लोक गावात असतातच.

ठरावात जाणाऱ्यांची नावे, ठिकाण, तारखा, प्रवासाचे साधन, अंदाजित खर्च आणि लेखाशीर्ष या गोष्टी आल्या पाहिजेत. राज्याबाहेर जायचे असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेची पूर्वपरवानगी लागेल का, हे मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. आचारसंहिता लागू असताना हा विषय हातीच घेऊ नका. ठरावानंतर मुख्याधिकाऱ्यांचा कार्यालयीन आदेश निघतो आणि त्याच्या आधारे अग्रिम, म्हणजे खर्चासाठी आगाऊ रक्कम मिळते.

जवळ ठेवायचे कागद

निघताना आदेशाची आणि ठरावाची प्रत, निमंत्रणपत्र, नगरपरिषदेचे ओळखपत्र आणि आधार कार्ड जवळ असू द्या. नोंदणी शुल्क शक्यतो नगरपरिषदेच्या खात्यातून थेट आयोजकांना जावे आणि पावती नगरपरिषदेच्या नावानेच घ्यावी.

खरी कसोटी परत आल्यावर लागते. जाता-येताची मूळ तिकिटे, विमान असेल तर बोर्डिंग पासही, निवासाचे बिल आणि परिषदेचे उपस्थिती प्रमाणपत्र प्रवास देयकाला जोडायचे असते. माझ्या ओळखीच्या एका नगरसेविकेने परतीचे तिकीट गाडीतच टाकून दिले होते. तिच्या नावावर अग्रिम तसाच राहिला आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. बाई प्रामाणिक होती, दौरा खरा होता, तरी दोन वर्षे पत्रव्यवहार करावा लागला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, प्रत्येक कागदाचा मिळाल्या क्षणी मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ कागद एकाच पाकिटात ठेवा. शिल्लक अग्रिमही लगेच भरून चलन घ्या.

अहवाल

देयकासोबत अहवाल मागतात, आणि बहुतेक जण परिषदेची कार्यक्रमपत्रिका उतरवून देतात. तसे करू नका. दोन पाने पुरतात. काय पाहिले, त्याला माणसे किती लागतात, दरमहा खर्च किती येतो, तो पैसा ते शहर कुठून आणते, आणि आपल्याकडे त्यातले काय जमेल. जे जमणार नाही तेही लिहा. इंदूरची यंत्रणा वीस हजार वस्तीच्या गावाला परवडणार नाही, पण घंटागाडीवरच्या माणसाने न वेगळा केलेला कचरा परत करायचा, हा नियम परवडतो.

हा अहवाल पुढच्या सभेपुढे ठेवण्याची विनंती लेखी करा, म्हणजे त्याची नोंद इतिवृत्तात येते. त्याच आठवड्यात ज्या शहराचे काम आवडले तिथल्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना आपल्या मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने पत्र पाठवून त्यांच्या निविदेची, उपविधींची आणि दरांच्या तक्त्याची प्रत मागवा. परिषदेत भेटलेल्या माणसाचा फोन नंबर पत्रासोबत दिलात तर उत्तर लवकर येते.