को-ऑप गेममधला लॅग आणि एमबीपीएसचा संबंध

‘१०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० वर न्या, को-ऑपमधला लॅग जाईल,’ हा सल्ला सातारा-सांगलीच्या गेमिंग ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. (को-ऑप म्हणजे मित्रांनी एकत्र मिळून खेळायचा ऑनलाइन गेम, लॅग म्हणजे बटण दाबल्यावर परिणाम उशिरा दिसणं, एमबीपीएस म्हणजे इंटरनेटच्या वेगाचं माप.) तो पटतो, कारण डाउनलोड खरंच झटपट होतं.

पण चौघं मिळून ड्रॅगनशी लढताना फक्त हालचाल, वार, जादू एवढीच माहिती जाते-येते. त्याला सहसा १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. खरा प्रश्न पिंगचा, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर अंतर किरकोळ. सिंगापूरला असेल तर ३५-४० मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जातात, प्लॅन कुठलाही असो. ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, १२ फ्रेमचा डॉज (वार चुकवण्याची उडी) म्हणजे जेमतेम २०० मिलिसेकंद. वार लागला की नाही हे सर्व्हर ठरवत असेल, तर पिंग १५० मिलिसेकंद झाल्यावर वेळेत मारलेला डॉजही हुकतो.

तपासणं सोपं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरच्या पत्त्यावर पिंग चालवा. बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो. केबलवर आकडा १-२ मिलिसेकंदांच्या आसपास हवा. वायफायवर तो मध्येच ५०-८० वर उडत असेल, तर दोष घरातच आहे: लॅन केबल लावा, नाहीतर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर या. राउटरचा आकडा स्थिर, पण गेममधला पिंग सतत जास्त? गेमच्या सेटिंगमधला रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागातला आहे ते, बघा. एखाद्या मित्राचं मशीनच होस्ट असेल, म्हणजे सर्व्हरचं काम करत असेल, तर त्याची लाइनही तपासायला हवी.

घरात कोणी मोठं डाउनलोड लावलं की तेवढ्यापुरताच पिंग चढत असेल, तर मात्र लाइन भरतेय. मोठा प्लॅन उपयोगी पडतो तो इथे.