गाजराच्या पेशींतले एन्झाइम: एका औषधाची पार्श्वभूमी

मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने 'टॅलिग्लुसेरेज अल्फा' या औषधाला मान्यता दिली. गोशे या आनुवंशिक आजारात एक एन्झाइम कमी पडते आणि पेशींत मेदपदार्थ साचून प्लीहा, यकृत, हाडे यांची हानी होते. तेच एन्झाइम इथे गाजराच्या पेशींनी तयार केले होते. जनुकबदल केलेल्या वनस्पतिपेशींतून आलेले प्रथिन माणसाचे औषध म्हणून एफडीएने स्वीकारण्याची ही पहिलीच वेळ.

वनस्पतीची सुटी पेशी पोषकद्रावणात वाढवण्याचा विचार गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडला. त्यांच्या पेशी जगल्या, फुगल्या, पण एकही विभागली नाही. त्यासाठी लागणारी संप्रेरके तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हती. १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी गाजराच्या, तर अमेरिकेत फिलिप व्हाइट यांनी तंबाखूच्या ऊती सतत वाढत्या ठेवून दाखवल्या. पुढे कायनेटिन या पेशीविभाजन घडवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला, १९६२ मध्ये मुराशिगे-स्कूग माध्यम हे तयार पोषकद्रावण आले आणि प्रयोगशाळांचे काम सोपे झाले. १९८३ पर्यंत जपानमध्ये शिकोनिन हे रंगद्रव्य पेशीसंवर्धनातून कारखान्यात निघू लागले. पण ते त्या वनस्पतीचे स्वतःचेच द्रव्य होते. माणसाचे एन्झाइम बनवून घ्यायचे तर पेशीत परके जनुक घालता यायला हवे होते, आणि ते तंत्र १९८०च्या दशकातच हाती आले.

गोशेवरचे पहिले एन्झाइम-औषध १९९१ मध्ये आले, तेही मानवी वारेतून (प्लासेंटातून) काढलेले. त्यासाठी प्रचंड प्रमाणात वार गोळा करावी लागे. १९९४ पासून ते हॅमस्टरच्या पेशींत बनू लागले, तरी एक किचकट टप्पा उरलाच. गोशेत मेद साचतो तो मॅक्रोफेज या भक्षक पेशींत. त्यांनी हे एन्झाइम आत घ्यावे, तर त्याच्यावरच्या शर्करासाखळीच्या टोकाला मॅनोज ही शर्करा उघडी असावी लागते. हॅमस्टरच्या पेशी ती इतर शर्करांनी झाकून टाकतात. म्हणून वरच्या शर्करा नंतर वेगळ्या प्रक्रियेने छाटाव्या लागत.

मला या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो यापुढचा. इस्रायलच्या प्रोटॅलिक्स कंपनीने हे एन्झाइम गाजराच्या पेशीतल्या रिक्तिकेकडे (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीकडे) धाडले. तिथे ही छाटणी आपोआप होते आणि मॅनोज उघडी पडते. वनस्पतीची शर्करारचना माणसापेक्षा वेगळी, हा एरवी तिच्यावरचा मोठा आक्षेप. या एका आजारात मात्र तिची रीतच उपयोगी पडली.

२००९ मध्ये वनस्पतिपेशींकडे वळण्याचे आणखी एक कारण पुढे आले. हॅमस्टर-पेशींच्या अमेरिकेतल्या कारखान्यात विषाणूचा शिरकाव झाला, उत्पादन थांबले आणि जगभर गोशेच्या औषधाचा तुटवडा पडला. सस्तन प्राण्यांचे विषाणू वनस्पतिपेशींत वाढत नाहीत. मान्यता अजून दूर असतानाही एफडीएने विशेष परवानगीने गाजर-पेशींतले एन्झाइम रुग्णांना देऊ दिले.

२०२३ मध्ये फॅब्री या दुसऱ्या आनुवंशिक एन्झाइम-कमतरतेच्या आजारावरचे 'पेग्युनिगॅल्सिडेज अल्फा' युरोप आणि अमेरिकेत मान्य झाले. ते तंबाखूच्या बीवाय-२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींत बनते.