हॉवरफ्लायचा फोटो काढताय? पंख पण येऊ द्या

तुळशीच्या मंजिऱ्यांवर नाहीतर रंकाळ्याकाठच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बारकी माशी हवेत एकाच जागी थांबलेली दिसते, आणि लोक गांधीलमाशी समजून लांब पळतात. ती हॉवरफ्लाय, शेतीवाल्यांची सिरफिड माशी. हिला नांगी नसतेच, रूप तेवढं गांधीलमाशीचं घेतलंय, पक्ष्यांनी नादाला लागू नये म्हणून.

ओळखायचं तर आधी पंख बघा. गांधीलमाशीला चार, हिला दोनच, मिशा पण एकदम आखूड. मग फोटो झूम करून पंखाच्या मधोमध बघा, तिथं एक शीर लांबलचक जाते पण दोन्ही टोकांना कुठंच नीट जोडलेली नसते, ही खोटी शीर जवळजवळ सगळ्या हॉवरफ्लायना असते, ती दिसली की कुटुंब पक्कं, म्हणजे ही हॉवरफ्लायच. मला ही खूण सगळ्यात आवडते, पण बहुतेक फोटोत नेमका पंखच ब्लर येतो!

पुढं जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट. डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असले तर बहुतेक एरिस्टालिनस. पोटावर जाड काळ्या पट्ट्याच्या जोडीला अजून एक बारीक काळा पट्टा असला तर एपिसिर्फस. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असले तर साधारणपणे नर, मधे फट असली तर मादी.

स्पीशीजवर, म्हणजे नेमक्या जातीवर, मात्र घाई नको. जगात ६,००० च्या वर जाती आहेत, आणि रंगावर जावं तर एपिसिर्फसचा कोष थंडीत वाढला की तीच माशी जास्त काळी निघते. कितीतरी जाती तर नराचे जननेंद्रिय मायक्रोस्कोपखाली बघूनच वेगळ्या करता येतात, तिथं मोबाईल काय करणार? म्हणून वरून, बाजूनं आणि समोरून चेहऱ्याचा असे तिन्ही फोटो घ्या, आणि फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपनं स्पीशीजचं नाव सुचवलं तरी खुणा जुळत नसतील तर जीनसवरच थांबा, त्यात कमीपणा काही नाही.

कारण जीनसवरून पण लय कळतं. एरिस्टालिनसच्या अळ्या घाण पाण्यात राहतात, शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेतात. एपिसिर्फसच्या अळ्या मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारकी कीड, खातात. २००२ ला आपल्या पश्चिम महाराष्ट्रात उसावर पांढरा लोकरी मावा आला होता ना, त्या माव्यावर तुटून पडणाऱ्या किडींत सिरफिडच्या अळ्या पण होत्या. तेव्हा पानावर माव्यात बिनपायाची चपटी अळी दिसली तर फवारा मारायच्या आधी तिचा पण एक फोटो काढा.