शुल्क आणि शिधा : नाशिक जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या खर्चाची पार्श्वभूमी

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळालेल्या मुलींना त्याचा लाभ मिळतो. निर्णय मोठा आहे, आणि त्याचे श्रेय शासनाला द्यायलाच हवे. तरीही सुरगाण्याहून किंवा नांदगावहून मुलीला नाशिकला शिकायला पाठवणाऱ्या घराचा हिशेब तेवढ्याने पूर्ण होत नाही. कॉट बेसिसचे भाडे, डिपॉझिट, महिन्याची मेस, येण्याजाण्याचा खर्च या बाबी माफीच्या बाहेरच राहतात. शुल्क आणि निर्वाह हे दोन वेगळे खर्च आहेत. गेल्या शंभर वर्षांत शासनाच्या सवलती बहुतांशी पहिल्याभोवती फिरत राहिल्या, तर दुसरा कधी समाजाने उचलला आणि बहुतेक वेळा पालकांवरच राहिला.

नाशिकमध्ये प्रारंभ मात्र निर्वाहापासून झाला होता. हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू होईपर्यंत पदवीसाठी पुणे किंवा मुंबई गाठण्यावाचून येथील विद्यार्थ्याला गत्यंतर नव्हते. पण त्याआधीची अडचण अशी होती की, खेड्यातल्या मुलाला माध्यमिक शाळेसाठीसुद्धा शहरात राहायला जागा नसे. त्या गरजेतून १९१४ मध्ये उदोजी मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यातूनच पुढे मराठा विद्या प्रसारक समाजाचा विस्तार झाला. कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ रुजवणारे राजर्षी शाहू महाराज १९२० मध्ये या वसतिगृहाच्या कोनशिला समारंभासाठी नाशिकला आले होते. शेतकऱ्याच्या घरी रोकड कमी असली तरी धान्य असते, हे ओळखून त्या काळच्या बोर्डिंगांनी गावोगावची वर्गणी आणि शिधा यांवर मुलांची पंगत चालवली. मुलाच्या जेवणाचा भार एका घरावर न टाकता तो अनेक घरांत वाटून देण्याची ती व्यवस्था होती, आणि माझ्या मते शिक्षणखर्चाच्या प्रश्नावर या जिल्ह्याने शोधलेले ते सर्वांत व्यवहार्य उत्तर होते.

शासनाचा हात त्यानंतर आला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ मध्ये, वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देणारी ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत आली. अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क तेव्हा मुळातच कमी असल्याने, सवलत मिळाल्यावर खेड्यातल्या पालकांसमोर प्रश्न उरे तो पुन्हा खोलीचा आणि खाणावळीचा. एसटीने सकाळी डबा पाठवून कित्येक घरांनी तो आपल्या परीने सोडवला.

शहरात तोवर पगारदारांचा एक नवा वर्ग स्थिरावत होता. नाशिकरोडला १९२५ पासून प्रतिभूती मुद्रणालय होते, १९६० च्या दशकात ओझरचा विमान कारखाना आला आणि पाठोपाठ सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. येथील कामगाराकडे मुलाच्या शिक्षणासाठी दोन हुकमी साधने होती, ती म्हणजे कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज आणि भविष्य निर्वाह निधीतील उचल. सात वर्षांच्या सभासदत्वानंतर स्वतःच्या हिश्श्यातील निम्म्यापर्यंतची रक्कम मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी काढता येण्याची तरतूद त्या योजनेत दीर्घकाळ होती. म्हातारपणाची पुंजी मुलाच्या पदवीत घालण्याचा हा मार्ग कायदेशीर होता आणि सोपाही होता. त्याची किंमत निवृत्तीनंतर कळत असे.

खरा बदल १९८३ नंतर झाला. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नाशिकमध्ये के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातल्या मुलाला अभियंता होण्यासाठी बाहेर जावे लागणार नव्हते. निर्वाहाचा खर्च त्यामुळे खरोखरच घटला, मात्र शुल्क अनेक पटींनी वाढले. राज्यभर डोनेशनची इतकी ओरड झाली की १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारा कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत आणि सशुल्क जागांची विभागणी केली, २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडीत काढली, आणि शुल्कनिश्चितीसाठी आधी समिती व २०१५ च्या कायद्याने प्राधिकरण आले. या न्यायालयीन प्रवासात पालकांच्या हाती पडले ते एवढेच : शुल्क किती असावे यावर कोणाचे तरी लक्ष असते. ते भरायचे कसे, हा विषय न्यायालयांपुढे नव्हता.

आणि भरायचे कधी, हा विषय तर कोणापुढेच नव्हता. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या तालुक्यांत वर्षाचा पैसा ठरावीक हंगामात येतो. द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल. त्यातून आलेली रक्कम पीककर्जाची फेड, औषधांची उधारी आणि लगेच येणारी एप्रिल छाटणी यांत बरीचशी संपते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये साठवणुकीच्या चाळीत जातो आणि भाव सुधारण्याची वाट पाहत पावसाळा काढतो. महाविद्यालयांचे प्रवेश नेमके जून ते सप्टेंबरच्या दरम्यान होतात. चाळीतला कांदा थांबवून ठेवला तर दोन पैसे अधिक मिळतील हे माहीत असूनही पहिल्या हप्त्यासाठी तो लासलगावच्या बाजारात नेणे भाग पडते. म्हणजे शुल्काच्या पावतीवर न दिसणारा एक तोटा शेतकरी पालक दर वर्षी सोसतो. थांबण्याची ऐपत असलेल्यालाही भावाची शाश्वती नसतेच : ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत निर्यातच बंद राहिली. प्रवेशाच्या वेळापत्रकाला याची दखल घेण्याचे कारण नाही, हे मान्य; पण हप्ते पाडून देणारी संस्था आणि न देणारी संस्था यांतला फरक या तालुक्यांत शुल्काच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

शैक्षणिक कर्जाने ही तफावत भरून निघावी अशी अपेक्षा होती. बँकांच्या संघटनेने आखलेली आदर्श कर्ज योजना २००१ पासून राबवली गेली. ४ लाखांपर्यंत तारण नको आणि अभ्यासक्रम चालू असताना फेड नको, ही तिची चौकट नोकरदारांच्या सोयीची होती. प्राप्तिकराच्या ८० ई कलमाखाली व्याजावर मिळणारी वजावटही कर भरणाऱ्यालाच उपयोगी. ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २००९ मध्ये अभ्यासकाळातील व्याजाचे अनुदान आले, त्याचा लाभ मात्र अनेकांना झाला. अडचण मोठ्या कर्जाची आहे. ७.५ लाखांच्या वर सहसा मालमत्तेसारखे मूर्त तारण लागते, आणि शेतकऱ्याची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे जमीन. बँकांना थकीत कर्जाच्या वसुलीसाठी तारण जप्त करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही, त्यामुळे बँकेला ती तारण म्हणून फारशी रुचत नाही. शेतकऱ्याचे रक्षण करणारी तरतूदच त्याच्या मुलाच्या कर्जाआड येते. मग सोनेतारण, गावची पतसंस्था, भिशी आणि नातेवाईक हा जुना क्रम सुरू होतो, ज्यातले व्याज कोणत्याही अनुदानात बसत नाही.

आदिवासी तालुक्यांची स्थिती वेगळी आहे, कारण तेथे निर्वाहाची जबाबदारी शासनाने तत्त्वतः स्वीकारलेली आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ नंतर ‘स्वयं’ योजनेतून जेवण व निवासासाठी रक्कम खात्यावर जमा केली जाऊ लागली. पाठोपाठ वसतिगृहांतील मेस बंद करून तेथेही रोख रक्कम देण्याचे धोरण आले. जुलै २०१८ मध्ये त्याविरोधात विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. पैसे खात्यावर वेळेत आले नाहीत तर जेवायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या इतर पालकांनाही तो अनोळखी नाही.

कमावता कमावता शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे. दोन्हींचा उपयोग आहे, परंतु पूर्णवेळ व्यावसायिक अभ्यासक्रमाचा भार त्यांनी हलका होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तारणाची अट काढते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देते. मात्र ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या शिक्षणसंस्थांपुरतीच आहे. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी आपल्या मुलाचे महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे पालकांना आधी तपासावे लागते.