गोधडी

वापरून मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून, त्यांवर हाताने धावदोरा घालून शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण म्हणजे गोधडी. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली लहान, पातळ गोधडी म्हणजे दुपटे. घोंगडीशी तिची गल्लत होते, पण घोंगडी लोकरीची आणि मागावर विणलेली असते. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत कापडाखेरीज काही नसते, आणि तेही नवे नसते.

गोधडीला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती फारशी बरोबर नाही. जुन्या घरात कापड टाकाऊ होतच नसे. नवे लुगडे आधी सणावाराला, मग रोजच्याला. बसून बसून मध्ये विरले की तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडायची; याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही फाटले की त्यातून दुपटी, लंगोट, एखादा परकर निघे. उरलेले धुऊन गाठोड्यात जाई. त्या गाठोड्यात धोतरे, सदरे, पोलकी साठत, आणि दोन-तीन वर्षांत ते फुगले की घरात गोधडीचा विषय निघे.

शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. सुगी आटोपलेली, पेरणी लांब, पोरांना सुट्टी. ओसरीवर किंवा सारवलेल्या अंगणात तळाचे कापड ताणून पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. तळाला आणि वर धडकी लुगडी लागतात. फाटके सगळे पोटात. सदऱ्याची गुंडी, काज, कॉलर आधी कापून काढतात, नाहीतर तिथे गाठ राहते आणि झोपणाऱ्याच्या बरगडीला रात्रभर टोचते. काढलेल्या गुंड्या डब्यात जातात. थर बसले की लांब टाके घालून ते टाचून घ्यायचे आणि मग खरी शिलाई सुरू. कित्येक बाया कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत आत येतात. काही जणी लांबीच्या सरळ रांगा घालतात. कडेकडून आत येताना कापडाचा झोळ मध्याकडे सरकत जातो. तो हाताने सारून दर रांगेत थोडा थोडा जिरवावा लागतो. तसे जमले नाही तर अखेरच्या वीतभर चौकोनात चुण्या पडतात, आणि मग ती गोधडी कोणी शिवली हे गल्लीला विचारावे लागत नाही.

कापडाचा हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडे सुमारे २७ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. दोन तुकडे रुंदीत जोडले की दोन माणसांच्या गोधडीचा एक थर, म्हणजे एका लुगड्यात दोन थर बसतात. दोऱ्याचा हिशेब मात्र छाती दडपवणारा. साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशा एकेरी गोधडीत इंचाइंचावर रांगा घातल्या तर त्यांची एकूण लांबी ३५० फूट भरते. इंचाला तीनच टाके धरले तरी १२ हजारांवर टाके झाले. प्रत्येक टाक्याला सुई पाच-सहा थरांतून ढकलायची. म्हणून मधल्या बोटात अंगुस्तान, आणि ते नसेल तर बोटाला चिंधी.

हे टाके नुसते थर धरून ठेवत नाहीत. दोरा ओढला जातो तसे कापड किंचित आकसते आणि दोन रांगांमध्ये बारीक लाट उभी राहते. थरांमध्ये आणि त्या लाटेत हवा अडकते. ऊब येते ती तिची. शिवाय शंभर धुण्यांतून गेलेल्या सुताला नव्या कापडाची खरखर नसते. तान्ह्या बाळाला नव्या कोऱ्या कापडापेक्षा आजीच्या लुगड्याचे दुपटे बरे, असे म्हणतात त्यात माया आहेच, पण कातडीची सोयही आहे.

शिवण एकटीची नसते. आजीला दिसत नाही म्हणून सुईत दोरा ओवून देणे हे नातवंडांचे काम. दोरा लांब घेतला की गुंततो आणि आखूड घेतला की पुन्हा हाक येते, त्यामुळे हातभर दोऱ्याचा अंदाज मुलांना शाळेआधी येतो. अर्धी शिवलेली गोधडी पसरलेली असली की त्यावर कोणीतरी लोळणारच, आणि त्याला उठवून रांग पुढे न्यायची. शेजारीण टेकली तर बोलता बोलता तीही दहा टाके घालते. तिचे टाके लांब आले तर ती उठून गेल्यावर उसवतात.

आमच्या घरातल्या एका गोधडीचा कोपरा झिजून उघडा पडला आहे. वर निळ्या फुलांचे व्हॉइलचे पातळ. त्याखाली हिरव्या इरकलीचा तुकडा, काठ अजून लाल. त्याखाली कोणाच्या तरी शाळेची खाकी चड्डी उलगडून सपाट केलेली, आणि सगळ्यांत आत आणखी एका गोधडीचे टाके. जुनी गोधडी फार विरली की टाकत नाहीत. तिला वरखाली नवी लुगडी लावून पुन्हा शिवतात. गेलेल्या माणसाचे कापड गोधडीत घालावे की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. काहींना ते नको वाटते, तर काही घरांत आईचे शेवटचे लुगडे मुद्दाम वरच्या थराला लावतात.

घटस्थापनेआधी ‘दसरा काढतात’, म्हणजे घर झाडून-सारवून सगळे अंथरूण-पांघरूण धुतात. ओली गोधडी एकटीला पिळत नाही. दोघी दोन टोके धरून उलट दिशांना पीळ देतात. नदीकाठचे खडक आणि कुंपणे त्या आठवड्यात रंगीबेरंगी होत. धुलाई यंत्रात दुपटे मावते, पण वाकळ घालून यंत्र बिघडवलेली घरे या लेखकाला माहीत आहेत.

गोधडी मागे पडली ती बऱ्याच अंशी कापडामुळे. नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, मऊ होत नाहीत आणि घामही टिपत नाहीत. दुसरीकडे बोहारीण दाराशी येऊन जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले देऊ लागली, तेव्हा गाठोडे गोधडीसाठी राखायचे की पातेल्याला द्यायचे, हा सौदा उंबऱ्यावरच ठरे. पातेले बहुधा जिंके. सोलापुरी चादर आणि गिरणीचे ब्लँकेट हेही होतेच. शिलाई मशीन आले तरी गोधडी हातावरच राहिली, कारण घरच्या पायमशीनच्या दाबपट्टीखाली सहा थर नीट सरकत नाहीत. मशीनवर झबली, टोपडी, उशांचे अभ्रे, गादीच्या खोळी शिवल्या जाऊ लागल्या. बाळंतविड्यातली कुंची बेतायची ती खणाची, आणि तिच्या झालरीपुरती टीप मशीनवर मारायची.

गोधडी म्हणजे गरिबी, ही समजूतही जुनी. पाहुणा आला की चांगली चादर वर घालून गोधडी खाली लपवत. उलट फकिरीच्या परंपरेत ठिगळांचा मान मोठा. नाथपंथी जोगी अंगावर कंथा, म्हणजे ठिगळांचे वस्त्र, घेतात. नगर जिल्ह्यातल्या कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज यांच्या नावातच गोधडी आहे. चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू मारणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराजही म्हणत.

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली आणि उत्तर कर्नाटकातली कौदी या गोधडीच्या बहिणी. नक्षीत कांथा वरचढ; मराठी गोधडीत फुले-पाने क्वचितच काढतात, तिची शोभा काठांची आणि ठिगळांची. सर्वांत जवळची म्हणावी तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायांची कवंद. आफ्रिकी वंशाचे हे लोक कोकणी आणि मराठीच्या वळणाची बोली बोलतात. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे फूल बसवलेले असते, आणि ते नसेल तर कवंद अपुरी मानतात.

शहरांत अजूनही गोधडी शिवणाऱ्या बाया दारोदार फिरतात. साड्या आपण द्यायच्या, मजुरी आकार आणि थर पाहून ठरते, आणि काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच सतरंजी टाकून होते. बचत गटांच्या प्रदर्शनांत तयार गोधड्याही मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच कोऱ्या कापडाचे चौकोन पाडून, मशीनवर शिवलेल्या. दिसायला त्या छान असतात, पण त्यांना गोधडी म्हणवत नाही.

दुपट्याला मात्र मोडता आलेला नाही. मुलीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली आई २३ किलोंच्या बॅगेत स्वतःच्या जुन्या साड्यांची चार दुपटी नेतेच. वजनात ती धरावी लागत नाहीत, कारण डिंकाच्या लाडवांच्या डब्याभोवती काहीतरी गुंडाळायला हवेच असते.