पासफ्रेजची विचारणा (टिपणे एन्क्रिप्ट करताना)

टेक्स्ट एडिटरमधले टिपण एन्क्रिप्ट करून, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा गुप्त रूपात, जतन करताना किंवा पुन्हा उघडताना पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, मागितला जातो. इमॅक्स या एडिटरमध्ये हे काम ‘ईझीपीजी’ या जोडप्रोग्रामकडे असते. 2009 मध्ये आलेल्या 23व्या आवृत्तीपासून ते इमॅक्सबरोबरच मिळते आणि ‘.जीपीजी’ने संपणारी फाइल जतन होताना आपोआप एन्क्रिप्ट होते. एडिटर स्वतः सहसा पासफ्रेज विचारत नाही. तो जीपीजी या एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामला काम सांगतो, जीपीजी आपल्या एजंटला (मागे चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रामला), आणि एजंट ‘पिनएंट्री’ नावाचा छोटा प्रोग्राम उघडतो. बिघाड बहुधा या साखळीत असतो, बदनाम मात्र एडिटर होतो.

पासफ्रेज मागणारी चौकट नेमकी केव्हा येते, हे आधी पाहावे. सार्वजनिक (इतरांना उघड देता येणाऱ्या) किल्लीने एन्क्रिप्ट करायला पासफ्रेज लागतच नाही. तो लागतो खासगी (फक्त आपल्याजवळच्या) किल्लीने उघडताना किंवा सही करताना. म्हणून नुसते जतन करताना पासफ्रेज मागितला गेला, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मागितला गेला, तर किल्ली निवडलेलीच नाही आणि फाइल केवळ पासफ्रेजच्या भरवशावर बंद होते आहे, असे समजावे. आपली किल्ली इमॅक्सला नेमून दिली की हा त्रास थांबतो.

चौकट आलीच नाही तर दोन शक्यता असतात. एक निरुपद्रवी आहे: एजंट मूळ सेटिंगनुसार पासफ्रेज 600 सेकंद लक्षात ठेवतो, प्रत्येक वापराला ती मुदत नव्याने सुरू होते, आणि 7200 सेकंदांनंतर मात्र पुन्हा विचारतोच. (‘विचारले नाही, म्हणजे एन्क्रिप्टच झाले नाही’ ही भीती यातूनच येते. एजंट बंद करून फाइल उघडून पाहिली की ती फिटते.) दुसऱ्या शक्यतेत पिनएंट्रीला कुठल्या टर्मिनलवर (अक्षरी आज्ञांच्या खिडकीत) उमटायचे तेच कळत नाही. दूरच्या यंत्रावर एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) काम करताना हे नेहमीचे. तेव्हा ‘जीपीजी_टीटीवाय’ (GPG_TTY) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये चालू टर्मिनलचे नाव भरावे लागते. टर्मिनलमधल्या इमॅक्समध्ये पिनएंट्री आणि इमॅक्स एकाच पडद्यावर झोंबतात. तिथे ‘लूपबॅक’ पद्धत लावून पासफ्रेज इमॅक्सच्याच तळओळीत मागवणे बरे.

व्हिम या दुसऱ्या एडिटरची एन्क्रिप्ट करण्याची जुनी अंगभूत सोय यापेक्षा घातक. चुकीचा पासवर्ड दिला तरी ती तक्रार न करता अगम्य अक्षरे दाखवते. अशी फाइल जतन करू नये.

बडोद्यातल्या मराठी घरांत आणखी एक अडचण येते. तिथल्या संगणकांवर गुजराती, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही कळफलक असू शकतात. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाची मांडणी भारतीय लिप्यांसाठी समान आहे, त्यामुळे देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘ક’ एकाच कळीवर येतात. बोटांची सवय बरोबर, चौकटीत नुसते ठिपके, आणि भाषा गुजरातीवर राहिलेली: पासफ्रेज चुकतो, कारण जीपीजीला अक्षराचा उच्चार नव्हे, त्याचे बाइट, म्हणजे संगणकात साठवलेले अंक, दिसतात.

भाषा मराठीच असली तरी ‘साऱ्यांना पुऱ्या’ असा पासफ्रेज दगा देऊ शकतो. ‘ऱ्य’ तीन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडून, किंवा ‘र्’नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर फरक कळत नाही आणि जीपीजी हे प्रकार एकरूप करून घेत नाही. घरच्या संगणकावर ठरवलेला पासफ्रेज म्हणूनच कचेरीतल्या वेगळ्या कळफलकावर चालेलच असे नाही. शिवाय उच्चारानुसार मराठी लिहून देणारी साधने पासवर्डच्या चौकटीत बऱ्याचदा बंदच असतात.

अशा वेळी मूळ कळफलकावर जाऊन पासफ्रेज रोमन अक्षरांत बदलून घ्यावा. खासगी किल्लीचा पासफ्रेज एकदाच बदलावा लागतो. केवळ पासफ्रेजने बंद केलेल्या फाइली मात्र एकेक उघडून नव्याने जतन कराव्या लागतात, आणि जुन्या बॅकअपला जुनाच पासफ्रेज लागतो.